हायब्रिडचे स्पार्क प्लग घरी बदलावेत का? करंटपेक्षा आट्यांची काळजी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हायब्रिड ग्रँड विटारा आहे, रनिंग ९० हजारांच्या आसपास झालंय, गॅरेजवाले म्हणतात प्लग बदला. घरीच बदलावेत असं मनात आहे, पण ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘हायब्रिडला हात लावू नको, करंट बसेल.’ मग करावं की नाही?

करता येतं. मी सोलापूरचाच, यंत्रमागाच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो, आणि दारात टोयोटाची हायरायडर आहे, म्हणजे तुमच्या गाडीची जुळीच. माझ्या गाडीचे प्लग मीच बदललेत. काम साध्या पेट्रोल गाडीसारखंच आहे. फरक एकच: साधी गाडी बंद आहे की चालू हे कानाला कळतं, हायब्रिडचं कळत नाही. आणि नुकसान झालंच तर ते बहुधा करंटनं होत नाही, इंजिनच्या हेडमध्ये प्लग जिथं बसतो तिथले आटे गेल्यानं होतं.

आधी तुमची गाडी नक्की कोणती हायब्रिड आहे ते बघा. ग्रँड विटारा दोन जातींची येते. एकीत १४६२ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि १२ व्होल्टवर चालणारी छोटी मदतनीस मोटर, तिला ‘स्मार्ट हायब्रिड’ म्हणतात. दुसरी स्ट्राँग हायब्रिड: १४९० सीसी, तीन सिलिंडर, आणि १७७.६ व्होल्टची लिथियम बॅटरी. डिकीवर काय लिहिलंय यावर जाऊ नका, बॉनेट उघडून बघा. भगव्या रंगाच्या जाड केबल दिसल्या तर स्ट्राँग. नसतील तर तुमचा अर्धा प्रश्न इथंच मिटला, कारण मग घाबरण्यासारखं वेगळं काहीच नाही. पुढचं सगळं स्ट्राँग धरून लिहितोय. तुम्हाला प्लग लागतील तीन.

दुसरी गोष्ट, खरंच बदलायचेत का? ‘४० हजार झाले, प्लग टाका’ हा सल्ला जुन्या निकेलच्या प्लगचा आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये सहसा इरिडियमचे प्लग असतात. इरिडियम वितळतं साधारण २,४०० अंशांच्या पुढं, निकेल त्याच्या कितीतरी आधी, १,४५५ ला. म्हणूनच टोक एवढं बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ठेवूनही ते लवकर झिजत नाही. त्यात हायब्रिडचं इंजिन गाडी चालू असताना पूर्ण वेळ फिरतही नाही. सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत ट्रॅफिकमध्ये गेलात तर त्यातला बराच वेळ इंजिन झोपलेलं असतं, मीटरवर किलोमीटर मात्र पडत राहतात. तेव्हा गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातला मेंटेनन्सचा तक्ता उघडा. तिथं जो आकडा आहे तोच खरा, माझाही नाही आणि गॅरेजवाल्यांचाही नाही. आकडा जवळ आला असेल तर करा. लांब असेल आणि गाडी नीट चालत असेल तर राहू द्या की.

गाडी नीट चालत नसेल तर? हायब्रिडमध्ये मिसिंग, म्हणजे एखाद्या सिलिंडरनं नीट न पेटणं, पकडणं अवघड जातं, कारण इंजिन अडखळलं तरी मोटर ते झाकून टाकते. एक जागा आहे जिथं कळतं: गाडी उभी असताना इंजिन स्वतःहून सुरू होतं त्या क्षणी. तिथं जोराचा थरथराट आला, किंवा इंजिनचा दिवा लागला, तर स्वस्तातला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारं यंत्र, लावून कोड बघा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग, पी०३०२ म्हणजे दुसऱ्याला. लगेच प्लग आणायला पळू नका. समजा पी०३०१ आला. पहिल्याची कॉइल, म्हणजे प्लगवर बसून त्याला करंट देणारी, दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइलचा. जागचा हलला नाही तर प्लग बघा, मग इंजेक्टर.

आता करंट. तुम्हाला घाबरवणाऱ्यांना एक सांगा: साध्या पेट्रोल गाडीत सुद्धा कॉइलमधून प्लगला हजारो व्होल्ट जातात, हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त. ते तेव्हाच, जेव्हा इग्निशन चालू असतं. मोठ्या बॅटरीचा करंट भगव्या केबलमधून इन्व्हर्टरकडं जातो आणि प्लगच्या कामात त्या केबलला हात लावायचं काहीच कारण नसतं. गाडी बंद केली की बॅटरीजवळचे रिले, म्हणजे विजेचे स्विच, उघडतात आणि केबलचा बॅटरीशी संबंध तुटतो. तरी भगवं काहीही सोडायचं नाही, ओढायचं नाही, त्यावर पाना टेकवायचा नाही. इन्व्हर्टरचं झाकण तर विसरूनच जा. तो भाग शिकलेल्या माणसाचा आहे.

खरा धोका वेगळाच. आमच्या जुळे सोलापुरातल्या शेजाऱ्यांनी एकदा बॉनेट उघडून काचेच्या वॉशरचं पाणी भरायला घेतलं. आत मुलं बसलेली, एसी सोडलेला. गाडीचा आवाज नाही, म्हणजे बंद आहे असं धरून चालले. एसीनं बॅटरी खाली आणली आणि इंजिन एकदम उठलं, पंखाही फिरला. हात बाजूला होता म्हणून निभावलं. त्यांच्या मीटरवर सगळा वेळ ‘रेडी’चा हिरवा दिवा, म्हणजे गाडी चालू असल्याची खूण, होता, बघितला कुणीच नाही.

म्हणून पहिलं काम हे: गाडी ‘पी’ मध्ये, हँडब्रेक, बटणानं बंद, ‘रेडी’ गेलं का बघायचं, मीटर पूर्ण काळं झालं का बघायचं. चावी घरात लांब ठेवायची. आणि दुसरी चावी? ती वहिनींच्या पर्समध्ये असेल आणि पर्स गाडीत असेल, तर पहिली लांब ठेवून उपयोग काय? १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह वायरही काढा. ही बॅटरी बऱ्याच हायब्रिडमध्ये डिकीत असते. तसं असेल तर निगेटिव्ह काढल्यावर डिकी मिटू नका, इलेक्ट्रिक कुलूप असेल तर उघडताना पंचाईत होते.

इंजिन गार पाहिजे, कोमट नको. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग काढायला गेलात तर आटे प्लगबरोबर खरवडून येऊ शकतात. रात्री गाडी लावा, पहाटे काम करा. मे महिन्यात इथं ४२-४३ अंश असतं, दुपारी पत्र्याच्या शेडखाली हे करण्यात शहाणपण नाही, घामाचे थेंबही खाली पडतात.

इंजिनवरचं कव्हर वर ओढलं की रबरी बुशातून सुटतं. काही हायब्रिडमध्ये काचेखालची जाळी आणि वायपर काढल्याशिवाय कॉइलपर्यंत हातच जात नाही, तेव्हा पाने काढण्याआधी नुसतं बघून घ्या. कॉइल दिसल्या की काढायच्या आधी हवा मारा. हे वाक्य दोनदा वाचा. आपल्याकडं धूळ किती, हे तुम्हाला काय सांगायचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मी कापसाचं तूस कॉइलच्या कडेला गोलाकार साचलेलं बघितलंय, खाली बारीक वाळूसकट. प्लग काढला की ते सरळ सिलिंडरमध्ये जाणार. पंक्चरवाल्याकडून हवा मारून आणा किंवा घरचा हवेचा पंप वापरा, गॉगल घालून. कॉइल काढल्यावर प्लगच्या विहिरीत परत हवा.

कॉइलचा कनेक्टर काढताना लॉक दाबून मगच ओढायचा. बरीच वर्षं उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक असतं, जोर केला तर लॉक तुटतो आणि मग तो कनेक्टर कायमचा ढिला. बोल्ट सहसा १० चा. कॉइल डावी-उजवीकडं थोडी फिरवायची, मग सरळ वर. कोणती कॉइल कुठली, खडूनं खूण करून ठेवा. एका वेळी एकच सिलिंडर उघडा, बाकीचे झाकलेले राहू देत.

प्लगला प्लगचीच गोटी (सॉकेट) लागते, आत लोहचुंबक किंवा रबर असलेली. नव्या गाड्यांत बहुतेक १४ ची, जुन्यात १६ ची. साधी डीप गोटी लावली तर प्लगच्या चिनी मातीला तडा जाऊ शकतो, आणि तो दिसत नाही. सोडताना पहिला झटका जड लागेल, नंतर बोटानं फिरायला पाहिजे. मध्येच करकरलं, अडकलं, तर जोर करू नका. अर्धा फेरा परत आवळा, दोन थेंब पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, थांबा, परत सोडवा.

काढलेले प्लग क्रमानं पेपरवर ठेवा आणि बघा. फिकट राखाडी किंवा किंचित तांबूस असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा इंजिन नीट तापायच्या आत बंद होतंय. गाडी फक्त गावातच फिरत असेल तर हायब्रिडमध्ये हे दिसतं. आठवड्यातून एकदा पंढरपूर नाहीतर तुळजापूरची फेरी होत असेल तर सहसा दिसत नाही. ओलं, तेलकट असेल तर प्लग बदलून भागणार नाही. पांढरं फटक आणि फोड आलेलं असेल तर इंजिन तापतंय, कूलंट बघा.

नवा प्लग लावताना माझी सगळ्यात आवडती युक्ती: पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल असा. नळीला धरून प्लग विहिरीत सोडा आणि बोटानं नळी फिरवा. आटे बरोबर लागले तर प्लग सरसर आत जातो. वाकडा लागला तर नळीच घसरते, आटे वाचतात. रॅचेट लावून सुरुवात कधीच करायची नाही. ॲल्युमिनियमचे आटे गेले की हेडमध्ये नव्या आट्यांचं इन्सर्ट बसवायला टर्नर शोधायचा, आणि कधीकधी हेडच उतरवायचं. तीन प्लगची मजुरी वाचवायला निघालेल्या माणसाला हे परवडत नाही.

शेवटचा ताण टॉर्क रेंचनं. १२ मिमी आट्यांच्या प्लगला साधारण १५ ते २० न्यूटन-मीटर, १४ मिमीला २० ते ३०. तुमच्या इंजिनचा नेमका आकडा मॅन्युअलमधून किंवा प्लगच्या खोक्यावरून घ्या. चाकाच्या नटांसाठी मिळणारा लांबलचक टॉर्क रेंच इथं चालत नाही, त्याची सुरुवातच बहुधा या आकड्याच्या पुढं होते. छोटा लागतो. आमच्या कारखान्यात होता म्हणून माझं भागलं. तुमच्याकडं नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा, पण अंदाजानं आवळू नका. आट्यांना ग्रीस, कॉपर पेस्ट काही लावायचं नाही. घसरण वाढते, रेंच २० दाखवतो आणि खरा ताण त्यापेक्षा जास्त बसतो.

गॅप, म्हणजे ठिणगी पडते ते दोन टोकांतलं अंतर? इरिडियमचा गॅप कारखान्यातून लावूनच येतो. नाण्यासारखं गेज मध्ये घुसवून तो वाढवायला जाऊ नका, ते बारीक टोक मोडतं. वायर ब्रशही नको. प्लग हातातून फरशीवर पडला तर तो बाजूला ठेवा, वापरू नका, मग जीव कितीही तुटो.

खरेदीत कंजूषपणा नको. नकली इरिडियम बाजारात भरपूर आहे, खोका हुबेहूब असतो. मी कंपनीच्या अधिकृत पार्ट्स काउंटरवरून चेसिस नंबर दाखवून घेतो आणि बिल जपून ठेवतो. ग्रँड विटारा, हायरायडर दोन्हींच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, उद्या काही प्रश्न निघालाच तर तुमच्याकडं कागद असू दे. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर मात्र आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. ते नको म्हणाले तर तिथंच करून घ्या, तेवढ्यासाठी भांडण नको.

सगळं लागलं, कनेक्टर टक् वाजले, निगेटिव्ह बसवली, हत्यारं मोजली. गाडी ‘रेडी’ केल्यावर इंजिन लगेच सुरू झालं नाही, तर काहीतरी चुकलं म्हणून घाबरू नका. बॅटरी भरलेली आहे एवढंच. बॉनेट लावा, एसी पूर्ण सोडा, बसून राहा. कंप्रेसर विजेवर चालतो, बॅटरी उतरली की इंजिन उठेल. तेव्हा कान देऊन ऐका, आवाज एकसारखा पाहिजे. मग होटगी रोडला एक चक्कर, एक-दोनदा जोरात ॲक्सिलरेटर दाबून. इंजिनचा दिवा स्थिर लागला तर घरी या आणि कोड वाचा, नव्वद टक्के एखादा कनेक्टर अर्धवट बसलेला निघतो. दिवा उघडमीट करायला लागला तर तिथंच गाडी बाजूला घ्या, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि त्याची किंमत या सगळ्या प्लगांच्या कितीतरी पट आहे.