प्राचीन चीनमधील सद्गुण रोजच्या जगण्यात कसे दिसत असत?

प्राचीन चीनमध्ये कोणते सद्गुण मोठे मानले जात आणि माणसांच्या रोजच्या वागण्यात ते कितपत उतरत, असे आपण विचारले आहे. पुस्तकी उत्तर थोडक्यात देता येते: माणुसकी, न्यायबुद्धी, शिष्टाचार, विवेक आणि विश्वासार्हता हे पाच गुण हान राजवटीपासून एकत्र मोजले जाऊ लागले. परंतु या पाचांच्याही आधी, उंबऱ्याच्या आतच शिकवला जाणारा गुण म्हणजे आई-वडिलांविषयीचा भक्तिभाव, ज्याला चिनी भाषेत ‘श्याव’ म्हणतात. माझ्या मते तिथले दैनंदिन जीवन समजून घ्यायचे असेल तर याच एका गुणाचा माग काढावा. कारण तो उपदेशापुरता उरला नाही, तर दिनचर्येत, सरकारी नोकरीत आणि फौजदारी कायद्यातही शिरला, आणि असा शिरल्यामुळे त्याचे सोंगही आणता येऊ लागले.

‘लीजी’ या प्राचीन विधिग्रंथात मुलासुनांची सकाळ कमालीच्या बारकाईने लिहून ठेवली आहे. पहिला कोंबडा आरवताच उठावे, हात धुऊन चूळ भरावी, केस विंचरून बांधावेत आणि आई-वडिलांकडे (सुनेने सासू-सासऱ्यांकडे) जाऊन हलक्या आवाजात विचारावे, की कपडे उबदार आहेत की उकडते आहे, कुठे दुखते-खुपते आहे का, खाज सुटते आहे का. सुटत असेल तर आदबीने खाजवून द्यावे. मग धाकट्याने तस्त धरावे, थोरल्याने हातावर पाणी घालावे, हात धुऊन झाल्यावर पुसायला पंचा द्यावा आणि काय खावेसे वाटते ते विचारून तेच नम्रपणे पुढे ठेवावे. आई-वडिलांचे अंथरूण हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार राहील हे पाहावे, असेही त्यात सांगितले आहे. हे सारे अर्थात खानदानी घरांचे चित्र आहे. इ.स. २ मधील हान साम्राज्याच्या गणनेत सुमारे १ कोटी २२ लाख कुटुंबे आणि ५ कोटी ९६ लाख माणसे नोंदली गेली, म्हणजे घरटी सरासरी पाचसुद्धा माणसे नव्हती. एका छपराखाली चार पिढ्या नांदणारे घर हा आदर्श होता, सर्वसाधारण अनुभव नव्हे.

या गुणाची खरी कसोटी मात्र आई-वडिलांच्या मृत्यूनंतर लागत असे. दुखवटा तीन वर्षांचा म्हटला जाई, प्रत्यक्षात तो पंचवीस किंवा सत्तावीस महिन्यांचा असे. म्हणजे तिसरे वर्ष लागले की पुरे. त्या काळात दारू आणि मांस वर्ज्य, अंगावर कडा न शिवलेले जाडेभरडे तागाचे वस्त्र, आणि अगदी कडक पाळणारा मुलगा थडग्याशेजारी झोपडी बांधून राहत असे. हे फार होते, असे खुद्द कन्फ्यूशियसच्या शिष्यालाही वाटले होते. त्साय वो नावाच्या या शिष्याने एक वर्ष पुरेसे आहे असा युक्तिवाद केला, तेव्हा कन्फ्यूशियसने विचारले, की एका वर्षानंतर चांगला भात खाताना आणि भरजरी वस्त्रे नेसताना तुझ्या मनाला स्वस्थ वाटेल का? वाटेल, असे उत्तर आल्यावर तो म्हणाला, ‘मग तसे कर.’ शिष्य निघून गेल्यावर मात्र त्याने बोलून दाखवले, की मूल तीन वर्षांचे झाल्याखेरीज आई-वडिलांच्या कडेवरून उतरत नाही, हे हा विसरला.

पुढे सरकारी अधिकाऱ्यांना या दुखवट्यासाठी पद सोडून गावी जाणे बंधनकारक झाले. १५७७ मध्ये मिंग दरबारातील सर्वांत प्रबळ मंत्री झांग जूझेंग याचे वडील वारले आणि किशोरवयीन वानली सम्राटाने त्याला पदावरच राहण्याचा आदेश दिला, तेव्हा पाच अधिकाऱ्यांनी उघड निषेध नोंदवला आणि त्याबद्दल दरबारी दंडुक्यांचा भयंकर मार खाल्ला.

ज्या गुणाने नोकरी जाऊ शकते, त्याच गुणाने ती मिळूही शकत असे. इ.स.पू. १३४ मध्ये हान सम्राट वू याने मातृपितृभक्त आणि निर्लोभी माणसांची शिफारस दरवर्षी प्रत्येक प्रांताने करावी असा हुकूम काढला. मग जे व्हायचे ते झाले. उत्तर-हान काळात झाओ श्वान नावाचा एक गृहस्थ आई-वडिलांच्या थडग्याचा भुयारी मार्ग न बुजवता त्यातच वीस वर्षांहून अधिक काळ दुखवटा पाळत राहिला. पंचक्रोशीत त्याची कीर्ती पसरली आणि अधिकारी त्याला वारंवार बोलावू लागले. प्रांताधिकारी चेन फान याने चौकशी केली तेव्हा कळले, की या गृहस्थाची पाचही मुले त्या दुखवट्यातच जन्मलेली आहेत. दुखवट्यात पतिपत्नींनी वेगळे राहायचे असल्याने चेन फानने त्याला शिक्षा फर्मावली. मला हा प्रसंग कोणत्याही आदर्श पुत्राच्या गोष्टीपेक्षा अधिक बोलका वाटतो.

कायद्याचे रूप तांग राजवटीच्या ६५३ मधील संहितेत स्वच्छ दिसते. आई-वडील हयात असताना वेगळा संसार थाटून मालमत्ता वाटून घेतल्यास तीन वर्षे सक्तमजुरी. दुखवट्यात लग्न केल्यासही तेवढीच. आई-वडिलांना मारहाण केल्यास शिरच्छेद, आणि त्यांच्याविरुद्ध सरकारदरबारी फिर्याद केल्यास गळा आवळून देहदंड. उलट राजद्रोहासारखे मोजके गुन्हे सोडले तर जवळच्या नातलगाचा गुन्हा लपवणे हा गुन्हाच नव्हता. याचे मूळही कन्फ्यूशियसमध्ये आहे: बापाने मेंढी चोरली म्हणून त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या मुलाचे कौतुक एका सरदाराने सांगितले, तेव्हा तो म्हणाला होता, की आमच्याकडे बाप मुलाला आणि मुलगा बापाला झाकतो, आणि सरळपणा त्यातच असतो.

या साऱ्यात आईचे स्थान वडिलांच्या खाली राहिले, हेही सांगायला हवे. वडील हयात असतील तर आईचा दुखवटा एकच वर्षाचा असे. तो तीन वर्षांचा करावा अशी मागणी ६७४ मध्ये सम्राज्ञी वू झेतियान हिने केली. आईसाठीही वडिलांइतकाच कडक दुखवटा ठरला तो मात्र सात शतकांनी, १३७४ मध्ये, मिंग राजवटीच्या संस्थापक सम्राटाच्या आज्ञेने.