३२ हजारांतले आयाच्या हातात किती?

या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोंधळाची आहेत. घरानं एजन्सीला दिले ते पैसे म्हणजे आयाचा पगार, असं दोन्हीकडची माणसं धरून चालतात. तसं नसतं.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचं आहे. एजन्सीनं पाठवलेल्या मावशींना बारा वर्षांचा अनुभव आहे म्हणून बारा तासांच्या ड्युटीचे महिना ३२,००० मागतात. दर रास्त आहे का? (माजिवडा, ठाणे)

त्यातले मावशींच्या हातात किती पडतात, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा विचारलेलंच नाही. ते कळल्याशिवाय रास्त की गैर, कसं सांगू?

माझ्याकडे येणाऱ्या बायकांकडून मी एकच कहाणी ऐकते. घरी पाठवताना तिची ओळख ‘अनुभवी, जुळी सांभाळलेली, रात्र जागणारी’ अशी करून देतात आणि दरही तसा लावतात. पगार ठरवायची वेळ आली की तीच बाई ‘आमच्याकडे नवीन’ होते. वर्ष भरत आलं, पगारवाढीचा विषय निघणार असं दिसलं, की घराला सांगतात ‘ती गावाला गेली’. बदली बाई येते. जुनीला दुसऱ्या घरी जुन्याच आकड्यावर लावतात आणि कमिशन दोन्ही घरांकडून नव्यानं घेतात. बारा वर्षांत बारा घरं झाली तरी बाई पहिल्याच पायरीवर! तिच्या अनुभवाचे पैसे होतात, फक्त तिला मिळत नाहीत.

तेव्हा एजन्सीकडून दोन आकडे लेखी मागा : आयाचा पगार किती, एजन्सीचा आकार किती. वर जीएसटी लावला असेल तर बिलावर पंधरा अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक हवा. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांकच नसेल तर कर कसला घेताय, ते त्यांना विचारा. पगार थेट मावशींच्या खात्यात टाका. तान्ह्या बाळाची मालिश-अंघोळ आणि रात्रीचं जागरण याचे पैसे मोठ्या मुलाला नुसतं खेळवण्यापेक्षा जास्तच हवेत. आठवड्याची सुट्टी भरपगारी, तिचा खाडा धरायचा नाही. वर्षानं वाढ किती, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आणि मावशी काम सोडतील तेव्हा तुमच्या सहीचं अनुभवपत्र द्या : किती महिने होत्या, बाळ केवढं होतं, काय काय केलं. ते त्यांच्या पिशवीत जाऊ दे, एजन्सीच्या फायलीत नको. करारावर सही करण्याआधी मसुदा कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा.

प्रश्न : चोवीस तास राहणाऱ्या ताईंच्या पगारातून जेवणाखाण्याचे पैसे कापावेत का? (कोपरखैरणे)

नाही. त्या तुमच्या सोयीसाठी राहतात.

प्रश्न : सोसायटीच्या ग्रुपवर आयांचे दर ठरलेत. ‘जास्त देऊन दर बिघडवू नका’ म्हणतात. ते बंधनकारक आहे का? (घोडबंदर रोड)

सोसायटीनं पाणी, लिफ्ट आणि पार्किंग बघावं. ग्रुपवरच्या दरपत्रकामागे कायदा नाही. जास्त पगार दिला म्हणून कोणी दंडाची नोटीस लावलीच, तर ती घेऊन सल्ल्याला या.

प्रश्न : मी दिघ्याला राहते, ऐरोलीत बाळ सांभाळते. पहिल्या महिन्याचा पगार एजन्सीनं डिपॉझिट म्हणून ठेवला, आधार कार्डही त्यांच्याकडेच आहे. आठ महिने झाले. घरची माणसं म्हणतात, एजन्सीशी बोला.

आठ महिने कशाची वाट बघत होतात? पडताळणीला झेरॉक्स पुरते. मूळ आधार अडकवून ठेवायचा एजन्सीला अधिकार नाही. कार्ड आणि पगार दोन्ही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, फोनवर बोलू नका. कामाचे दिवस दाखवायला सोसायटीच्या गेटवरची नोंद फार उपयोगी. ती अ‍ॅपवर असेल तर घरच्यांकडून आजच स्क्रीनशॉट मागून घ्या, एवढं तरी ते करतील. मग ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००. ‘वकील परवडत नाही’ हे ऐकून माझे कान किटले. कामगार कार्यालयात अर्ज करायचा की नोटीस पाठवायची, हे तो वकील कागद बघून ठरवेल.

प्रश्न : घरेलू कामगार मंडळाची नोंदणी करून द्यायचे एजन्सी दोन हजार मागते. द्यावेत का? (कळवा)

देऊ नका. मंडळ २००८च्या राज्य कायद्याचं आहे, वय १८ ते ६० हवं, मध्यस्थ लागत नाही. कागद कोणते लागतात ते जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातच विचारा.

प्रश्न : ताई आम्हाला पसंत आहेत, थेट ठेवायचंय. पण एजन्सीच्या करारात ‘दोन वर्षांत थेट ठेवल्यास दोन लाख दंड’ असं कलम आहे. शेजारी म्हणतात, असलं काही कोर्टात टिकत नाही. (खारघर)

शेजारी अर्धेच बरोबर आहेत. करार कायदा १८७२चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे एखाद्याला त्याचं काम करण्यापासून अडवणारा करार साधारणपणे रद्दबातल असतो. एजन्सी सोडल्यावर ताईंनी अमुक घरी काम करायचं नाही, असं त्यांच्यावर लादणं अवघड. तुम्ही स्वतः सही केलेला दंड मात्र वेगळी गोष्ट. तिथे कलम ७४ येतं : लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं. दोन लाख लिहिले म्हणून दोन लाख द्यावे लागतील असं नाही, पण काहीच द्यावं लागणार नाही असंही धरू नका. करार घेऊन वकिलाकडे जा आणि तोवर एजन्सीला फोनवर काही कबूल करू नका. ताईंना स्वतःला सल्ला हवा असेल तर एक लक्षात ठेवा, खारघर नवी मुंबईत असलं तरी जिल्हा रायगड. पनवेलच्या तालुका विधी सेवा समितीत विचारा, ठाण्याचा हेलपाटा वाचेल.

आणि थेट ठेवल्यावर एजन्सीचा आकार दरमहा वाचणार. त्यातला किती ताईंच्या पगारात घालणार, ते पत्रात दिसलं नाही.