‘रविवारी कुठे होता?’

प्रश्न : आमचे घर मूळचे अहिल्यानगर जिल्ह्यातील असून मी पुण्यात एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करतो. आडनाव गावातल्या इतरांसारखेच असल्यामुळे मी ख्रिस्ती आहे हे कार्यालयात कोणाच्या लक्षात आले नाही आणि मीही ते सांगितले नाही. रविवारी उपासनेला जातो, पण सोमवारी कोणी विचारलेच तर ‘घरीच होतो’ असे म्हणतो. मागच्या आठवड्यात डबा खाताना एक सहकारी ‘हे लोक तांदळाच्या गोणीसाठी बाटले’ असे म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. उघडपणे बोलण्याचे धैर्य कसे येईल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : न सांगणे आणि खोटे सांगणे या दोन गोष्टी तुमच्या पत्रात एकमेकींत मिसळल्या आहेत. आपला विश्वास कपाळावर लावून हिंडण्याचे बंधन कोणावरही नाही. परंतु ‘घरीच होतो’ हे उत्तर खरे नाही आणि सुरुवात तेथूनच करावी लागेल. पुढच्या सोमवारी कोणी विचारले तर ‘सकाळी उपासनेला गेलो होतो, दुपारी झोप काढली’ एवढेच सांगा. पुढे स्पष्टीकरण जोडू नका, आवाजही खाली आणू नका.

साक्षीचा, म्हणजे आपला विश्वास लोकांसमोर सांगण्याचा, विषय निघाला की व्यासपीठावरून पेत्र आणि पौल या प्रेषितांचीच उदाहरणे दिली जातात. (देणारे बहुधा आपल्याच माणसांत बसून बोलत असतात, हेही खरे.) तुम्ही निकदेम या यहुदी अधिकाऱ्याकडे पाहावे असे मला वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात तो येशूकडे प्रथम येतो तो रात्रीच्या वेळी. पुढे सातव्या अध्यायात अधिकारी येशूला दोषी धरून मोकळे होत असताना तो आपला विश्वास जाहीर करत नाही. माणसाचे म्हणणे ऐकून न घेता आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय, एवढेच विचारतो. त्यावर ‘तूही गालीलातला आहेस काय?’ असा टोमणा त्याला ऐकावा लागतो आणि त्याचे उत्तर नोंदलेले नाही. मात्र वधस्तंभानंतर, जेव्हा येशूचे नाव घेऊन मिळण्यासारखे काहीही उरले नव्हते, तेव्हा प्रेताला लावण्यासाठी गंधरस आणि अगरू यांचे मिश्रण घेऊन आलेला माणूस हाच होता. त्याला येशूने भित्रा म्हटल्याचे कोठेही वाचायला मिळत नाही.

आता गोणीविषयी. अशा वेळी आपली माणसे लगेच ब्राह्मण घरांतून ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई यांची नावे पुढे करतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पदरी लाभ नव्हे, पत्नी लक्ष्मीबाईंचा दीर्घ विरह आला, हे खरेच आहे. पण या नावांच्या आड आपण उभे राहिलो की आपल्या पणजोबांवरचा आरोप मुकाट्याने मान्य केल्यासारखे होते. १८७६-७८ च्या दुष्काळात मिशनऱ्यांनी अन्न आणि काम दिले आणि त्यानंतर नगर जिल्ह्यातील महार-मांग समाजांतील पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती मंडळीत आली, हे लपवण्याचे कारण नाही. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती त्यांना कोणी जेवू घातले आणि त्यांच्या मुलांना शाळेत बसवले, तर त्यांनी त्या माणसांच्या देवाविषयी विचारपूस करावी यात लाजिरवाणे काय आहे? शिवाय धान्य संपल्यावरही ही कुटुंबे मंडळीत राहिली. तुम्ही स्वतः आज उपासनेला जाता ते कोणत्या गोणीसाठी?

त्या सहकाऱ्याशी मात्र सर्वांसमोर बोलू नका. चारचौघांत अडवलेला माणूस ऐकून घेत नाही, उलटून बोलतो. चहाला एकटा गाठून ‘परवा तू ज्यांच्याविषयी बोललास त्यांतला मी आहे, आणि मीही हसलो याचे मला वाईट वाटते’ असे सांगा. त्याने विचारले तर घरचा इतिहास सांगा, न विचारल्यास विषय वाढवू नका. विचारणाऱ्याला उत्तर सौम्यतेने द्यावे, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे, आणि तेथेही विचारणारा गृहीत धरलेला आहे. तुमच्या हाताखाली कोणी काम करत असेल तर त्याच्याजवळ हा विषय आपण होऊन काढू नये. त्याला ‘नको’ म्हणता येत नाही.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने आपला धर्म उघडपणे मानण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. तुमचे त्याच्याशी बोलणे झाल्यानंतरही असे शेरे चालू राहिले, तर मनुष्यबळ विभागाकडे लेखी तक्रार करण्यास संकोच करू नका.