पहिल्या पगाराचं घड्याळ

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला. पहिल्या पगारातून घड्याळ घ्यायचंय, बँकेतही चाललं पाहिजे आणि रविवारी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरतानाही, फार बरं वाटलं वाचून. पण फोटो पाठवलायस ना, ते काळं जाडजूड, आत तीन छोट्या डायलींचं, ते पहिलं म्हणून नको घेऊस. फुल शर्टच्या कफचं बटण लावलंस की ते आत जाणारच नाही, बाही त्यावर अडकून फुगते आणि समोरच्याचं लक्ष तिकडेच जातं. फॉर्मलवर पातळ घड्याळ, हलक्या रंगाची डायल, साधे काटे, फार तर तारीख, बास. हातावर ठेवून वरून बघ, पट्टा जोडतात ती दोन टोकं मनगटाच्या बाहेर गेली तर ते तुझ्या हाताचं नाही, तुझं मनगट बारीक आहे, ३६ ते ३८ मिलिमीटरमध्येच शोध.

आणि हो, आजोबांचं चावीचं एचएमटी कपाटात असेल तर आधी ते काढून बघ. १९६१ पासून बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने ही घड्याळं बनायला लागली, इस्त्रीच्या शर्टवर आजही इतकी शोभतात की काय सांगू, फक्त पाण्यापासून जपायचं.

आता पट्टा. चामड्याचा सगळ्यात रुबाबदार, बेल्ट आणि बुटांच्या रंगाशी जुळणारा, हे खरंच आहे, पण रत्नागिरीच्या पावसात कपाटातल्या चामड्यावर बुरशी धरते हे तू चपलांवर बघितलंयस, पट्ट्याचंही तेच होतं, वर घामाचा वास. म्हणून घड्याळ स्टीलच्या पट्ट्याचंच घे, चामड्याचा वेगळा घेऊन ठेव, पाऊस सरला की लग्नकार्याला लाव. पट्टा घड्याळाला जोडतात तिथली रुंदी १८ किंवा २० मिलिमीटर असू दे, त्या मापाचे पट्टे सहज मिळतात, आतली स्प्रिंगची काडी दाबली की पट्टा सुटतो. जीन्स-टीशर्टवर नायलॉनचा चढवलास की तेच घड्याळ एकदम कॅज्युअल दिसतं, दुसरं घ्यायची गरजच नाही.

पाण्याचं नीट ऐक. घड्याळाच्या पाठीवर पाण्यासाठी ३० मीटर लिहिलेलं बघून मी एका विसर्जनाला ते घालूनच समुद्रात उतरलो होतो, रात्री काचेच्या आतून वाफ धरली, दसऱ्यापर्यंत काटे गंजले, ते बाबांनी दिलेलं होतं म्हणून अजून लागतं मनाला. ३० म्हणजे हात धुताना उडालेले थेंब, इतकंच. पावसात स्कूटर चालवतोस तर निदान ५० घे, पोहायचं असेल तर १००, आणि खाऱ्या पाण्यातून आलास की बाजूची चावी आत दाबलेली आहे ना ते बघून गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेव.

दुकानात जाताना ऑफिसचाच फुल शर्ट घालून जा, कफ लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. घेतलंस की फोटो पाठव.

तुझा काका