वाचकांचे प्रश्न : रोबोंच्या रचनेचे व्याकरण

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एकमेकांना जोडले जाणारे छोटे रोबो हा आमच्या प्रकल्पाचा विषय असून, त्यांची रचना औपचारिक भाषेत मांडा, असे मार्गदर्शक मॅडमनी सांगितले आहे. नुसती आकृती काढून दिली तर काय बिघडते?
— एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : बिघडत काही नाही, पण आकृतीने काम अर्धेच होते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये ‘किलोबॉट’ नावाचे १,०२४ छोटे रोबो एकत्र आणून तारा आणि इंग्रजी ‘के’ अक्षर असे आकार घडवले, तेव्हा प्रत्येक रोबोला आकाराचे चित्र दिलेलेच होते. तरीही थव्याच्या कडेकडेने सरकायचे आणि शेजाऱ्यांपासूनची अंतरे मोजून आपली जागा ओळखायची, हे नियम वेगळे लिहावे लागले. कुठे पोहोचायचे ते चित्र सांगते, कसे पोहोचायचे ते सांगत नाही.

तुम्ही भुसावळच्या, म्हणून रेल्वे यार्डाचेच उदाहरण घेऊ. आधी इंजिन, मग कितीही वाघिणी आणि शेवटी गार्डचा डबा, एवढ्या एका नियमात अशा लहानमोठ्या सगळ्या मालगाड्या सामावतात, आणि गार्डचा डबा मध्येच लागला असेल तर मांडणी चुकली, हे चित्र न पाहताही ठरवता येते. नियमात बसणाऱ्या सर्व मांडण्या मिळून औपचारिक भाषा होते आणि तो नियम म्हणजे तिचे व्याकरण.

गाडी मात्र एका रेषेत असते. तुमच्यासारखे एकमेकांना जोडले जाणारे, म्हणजे मॉड्युलर, रोबो अनेक बाजूंनी जोडले जातात, त्यामुळे अक्षरांच्या ओळीऐवजी बिंदू आणि जोडरेषांचा आलेख घ्यावा लागतो. संशोधक एरिक क्लाव्हिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोबोंच्या स्वयंजुळणीसाठी असे आलेख-व्याकरण वापरले आहे. त्यातली खरी मेख पुढे आहे. समजा, प्रत्येक रोबोवर अ, ब किंवा क अशी खूण आहे, आणि अ-ब, ब-क, क-अ एवढेच जोड चालतात, तेही एका रोबोला प्रत्येक प्रकारचा एकेकच. आपल्याला त्रिकोण हवा असतो. पण अ-ब-क-अ-ब-क असे सहा रोबोंचे कडेही हे नियम तंतोतंत पाळते, आणि कुठल्याही रोबोला आपले दोन शेजारी पाहून आपण तिघांत आहोत की सहांत, हे कळणे शक्य नसते. म्हणून फक्त दोघांपुरते नियम लिहून ‘त्रिकोणच होईल’ अशी हमी देता येत नाही. एका वेळी तिघांकडे पाहणारा नियम लागतो.

सांधा साठ अंशांत घट्ट बसणारा असेल, तर सहांचे कडे जुळणारच नाही, हे खरे. (अनेक प्रकल्प याच बळावर तरून जातात.) पण मग ती अट यंत्राच्या घडणीत राहते, व्याकरणात येत नाही, म्हणून अहवालात ती स्वतंत्रपणे नोंदवा. तुमचा सांधा लवचीक असेल, तर तिघांचा नियम लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.