दुसरीतल्या मुलीची जेईई

प्रश्न : माझ्या मिस्टरांची म्युनिकला बदली झाली आणि आम्ही नुकतेच इथे आलो. मुक्काम तीन वर्षं, पुढचं नक्की नाही. मुलगी सात वर्षांची, सप्टेंबरपासून दुसरीत जाईल. जवळच एक छोटी ख्रिश्चन इंटरनॅशनल प्राथमिक शाळा आहे. इंग्रजी माध्यम, वर्गात मोजकी मुलं, फी कंपनी भरणार. मी नाशिकला कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला काही वाटत नाही. सासऱ्यांना मात्र धर्माची काळजी आहे. मिस्टर विचारतात, या शाळेमुळे पुढे जेईईचं नुकसान होईल का? बेस सुटू नये म्हणून पुण्याच्या क्लासची ऑलिंपियाडची ऑनलाइन बॅच (संध्याकाळी साडेसात, रोज) चालू ठेवली आहे. हल्ली ती क्लासच्या वेळी रडते.

उत्तर : ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथेच थांबले.

पुण्यात साडेसात वाजतात तेव्हा म्युनिकला उन्हाळ्यात दुपारचे चार होतात. खाली पोरं सायकली घेऊन उतरतात ती हीच वेळ. नवा देश, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. आणि ज्या तासात एखादी मैत्रीण मिळाली असती त्या तासाला ही हेडफोन लावून गणितं सोडवतेय. रडेल नाही तर काय करेल? दुसरीत ‘बेस’ वगैरे काही सुटत नसतो. पाढे, तोंडी हिशेब, रोज थोडं वाचन, एवढं पोळ्या लाटता लाटता होतं. जेईई बारावीला असते. सातव्या वर्षापासून तिची तयारी केली तर फायदा फक्त क्लासवाल्यांचा होतो, हे मिस्टरांना माझं नाव घेऊन सांगा. आणि क्लास बंद करा. आठवड्यातून दोनदा वगैरे तडजोड नको.

परत आलात तर प्राथमिकच्या मुलीला सीबीएसईत जायला परदेशातली शाळा आड येत नाही. अडली तर मराठी अडेल. 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. सासऱ्यांना सांगा, रोज व्हिडिओ कॉलवर नातीकडून एक पान वाचून घ्या.

आता तुमचा गैरसमज. नाशिकच्या कॉन्व्हेंटवरून या शाळेचा अंदाज बांधू नका. आपल्याकडे मिशनरी शाळेत बहुतेक मुलं ख्रिस्ती नसतात. बोर्डाचा अभ्यासक्रम, सकाळची प्रार्थना, नाताळचं नाटक, झालं. परदेशातल्या अशा छोट्या शाळा पुष्कळदा चर्चने किंवा मिशनरी कुटुंबांनी आपल्याच मुलांसाठी काढलेल्या असतात, आणि बायबल तिथे विज्ञान-इतिहासातही येऊ शकतं. सगळ्या सारख्या नसतात. काही ब्रिटिश वळणाच्या, काही अमेरिकन. काही ठिकाणी 1970 मध्ये टेक्ससमध्ये सुरू झालेली ‘अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन’ ही पद्धत असते. तिच्यात बाई फळ्यापाशी शिकवत नाहीत. दोन्ही बाजूंना आडोसा असलेल्या टेबलाशी मूल एकटं बसतं, ‘पेस’ नावाच्या पुस्तिका एकामागून एक सोडवतं, अडलं की छोटा झेंडा लावतं, उत्तरं स्वतःच तपासतं. चाचणीत 80 टक्के मिळाले की पुढची पुस्तिका. सृष्टी देवाने सहा दिवसांत घडवली, हे विज्ञान म्हणूनच शिकवलं जातं. श्रद्धाळू ख्रिस्ती घराला हेच हवं असेल, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आधीच एकट्या पडलेल्या मुलीला मी त्या आडोशात बसवणार नाही. तुमची शाळा कुठल्या प्रकारची हे फीच्या पत्रकावरून कळत नाही. एक सकाळ वर्गात बसून बघा आणि श्रद्धेच्या निवेदनावर (शाळेची धर्मतत्त्वं मान्य आहेत, अशा कागदावर) पालकांची सही घेतात का, ते विचारा. सासरे वाटतात तेवढे जुनाट नाहीत, बरं का.

माझं मत विचाराल तर या शाळेचा नाद सोडा आणि तिला गल्लीतल्या सरकारी ग्रुंडशूलमध्ये, म्हणजे तिथल्या प्राथमिक शाळेत, घाला. कारण तुमच्याच पत्रात आहे : पुढचं नक्की नाही. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. चौथीच्या मे महिन्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असली की गिम्नाझियुमचा (विद्यापीठाकडे नेणाऱ्या माध्यमिक शाळेचा) रस्ता सरळ (तिथे 1 सगळ्यात वरची श्रेणी, 6 सगळ्यात खालची). नसली तर तीन दिवसांची चाचणी. तो मे महिना नेमका तुमची तीन वर्षं संपत येताना उगवणार. तेव्हा मुक्काम वाढला आणि मुलीला जर्मन येत नसलं, तर महागडी इंटरनॅशनल शाळाच उरते, आणि तोवर कंपनी फी भरत असेलच असं नाही. सरकारी शाळेला फी नाही, नवीन मुलांना जर्मन शिकवायची सोय असते. पहिले काही महिने ती गप्प राहील. तेवढ्यावरून शाळा बदलू नका. धर्माचा तास तिथेही असतो, पण तुम्ही तिला त्याऐवजी नीतिशिक्षणाला बसवू शकता.

शाळा पत्त्यावरून ठरते. सुट्टी लागली की कार्यालयात माणूस भेटणं कठीण, म्हणून याच आठवड्यात जा. पत्ता-नोंदणीचा कागद, जन्मदाखला आणि गोवराच्या लशीचा पुरावा न्या. तो 2020 पासून जर्मनीतल्या शाळांत सक्तीचा आहे. लसीकरणाचं कार्ड पुण्यात राहिलं असेल तर सासऱ्यांना आजच कपाट उघडायला सांगा.