शूटच्या तारखा आणि शिलाईच्या तारखा

अगं, मॉडेलिंग करता करता स्वतःचं कपड्यांचं लेबलही चालवायचं म्हणतेस ना, मग मॉडेलिंगचा करार आधी नीट वाच. ‘दुसऱ्या कपड्यांच्या ब्रँडसाठी काम करायचं नाही’ अशी अट असली, तर तुझं स्वतःचं लेबलही त्यात अडकू शकतं. सही करण्याआधीच ते वगळून घे. शूट ऐनवेळी ठरतं, शिलाईला मात्र घाई सोसत नाही. म्हणून कटिंगच्या आठवड्यात मी बुकिंग घेतच नाही.

आणि लहान साइजचा पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचा कागदी साचा, नुसता फुगवून मोठे साइज करू नकोस. छातीच्या मानाने खांदा वाढत नाही. मग गळा घसरतो आणि बाही दंडाला काचते. मांजरपाटाचा नमुना शिवून, घालून बस, हात वर कर. फक्त तुझ्याच अंगावर नको, वेगळ्या ठेवणीच्या दोघीतिघींवरही बघ. माझी पहिली खेप इथेच फसली, फार जिवाला लागलं होतं.